जावास्क्रिप्टची उभी बाग

आमच्या आबांचा एक नियम आहे. केळीची रोपं घ्यायची तर विकणाऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, त्याच्या रोपांची उभी बाग बघायची. नियम चांगलाच आहे. तो मला लावला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

शनिवारी जळगावच्या एका ऑफिसात माझी परीक्षा होती. वेबसाइटचं पान जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेने चालवून दाखवायचं, जमलं तर नोकरी. मी नेटवरचे फुकटचे धडे वाचून, चुकत चुकत, लागवडीची तारीख टाकली की केळीच्या कापणीचा महिना सांगणारं पान केलं होतं. मला जायचंच होतं.

"फुकट कोनी शिकवत नाही, डिंपल," आबा म्हणाले. "क्लास लाव. सहा महिने शीक, मंग जा."

"ऑफिसवाले सहा महिने माझी वाट बघत बसतील?"

"तोंड चालवू नको."

मग त्यांनी जाहिरात बघून एका क्लासवाल्याला फोन लावला आणि विचारलं, "तुमची उभी बाग कुठी आहे?" तो बिचारा गडबडला. शिकून तयार झालेलं माणूस दाखवा, असं मी साध्या मराठीत समजावलं. त्याने धरणगावच्या समाधानचा पत्ता दिला. क्लासचा सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणे.

सावद्याहून धरणगावपर्यंत आबांनी मोटरसायकल बैलगाडीसारखी चालवली. माझी कंबर गेली. समाधानच्या आईने, तानुबाईंनी, चहा दिला. "मना पोऱ्या मास्तर शे," त्या म्हणाल्या. मुलगा मास्तर आहे म्हटल्यावर आबा खूश.

"काय शिकवतो रे?"

"जावास्क्रिप्ट," समाधान म्हणाला. "त्याच क्लासात."

"आन् तुझ्यासंगचे बाकीचे?"

"ते पण शिकवतात. दोघं क्लासची जाहिरात सांभाळतात."

आबांनी बशी खाली ठेवली. "समदेच रोपं विकता," ते म्हणाले, "मंग केळी कोन पिकवतो?"

मी मोबाईलवर माझं पान उघडून दिलं. समाधानने मुद्दाम एकतीस फेब्रुवारी टाकून पाहिली. 'तारीख नीट टाका,' पानाने सांगितलं. तानुबाई कप घेऊन आत गेल्या, तसा तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही हे कुठून शिकल्या? मलापण लिंक पाठवा ना."

मला त्याची खरंच दया आली. तिथंच पाठवली.

परतीच्या वाटेवर जळगावात शिरल्यावर आबांनी गाडी कडेला घेतली.

"तुझं ते ऑफिस कोन्या गल्लीत आहे? आताच पाहून ठेवू. शनिवारी शोधत बसाले नको."

मी मागून बोट दाखवलं, आणि आबांनी गाडी तिकडे वळवली.