आधी डावा पाय

मी राळेची पेटी बोलतेय. चार फळ्या, एक तळ, झाकण नाही. तोंड कायम उघडं असूनही मी आजवर कुणाची चहाडी केली नाही. आज करणार आहे.

बॅलेच्या थिएटरात, पडद्यामागे माझी जागा होती. नर्तक रंगमंचावर जाण्याआधी माझ्यात उभे राहून राळेचे खडे बुटांखाली चुरडत, म्हणजे पाय घसरत नसे. माणसं देवाच्या पाया पडायला जातात. इथे देवच आपले पाय घेऊन माझ्याकडे येत.

त्यांतला सर्वांत मोठा तो. जाहिरातींत ‘आकाशाचा पुत्र’, पडदे ओढणाऱ्यांच्या तोंडी ‘टोळ’. उडी मारली की खाली यायचं विसरल्यासारखा वरच राहायचा. आधी डावा पाय, मग उजवा, तीन-तीनदा. त्याशिवाय वीस वर्षांत तो उजेडात गेला नाही. एकदा मी सुताराकडे होते, तर त्याने खेळ अर्धा तास अडवला. प्रेक्षकांना वाटलं, यातही काही कला असेल.

त्याचे पोशाख थोरली बहीण सांभाळायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. समोर टाळ्या चालू असताना ती माझ्याशेजारी बसून त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला बर्फ बांधायची.

“डॉक्टर काय म्हणाले? एकदा वाकडा पडलास की जन्मभर काठी.”

“डॉक्टर कधी नाचलेत का, ताई?”

“चालतात तरी सरळ.”

“आजचा शेवटचा खेळ.”

“मागच्या महिन्यातलाही शेवटचाच होता. तुझं शेवटचं काही संपत नाही रे!”

पुढच्या खेळाच्या दिवशी दुपारी तिने माझ्यातली सगळी राळ कचऱ्यात ओतली आणि ओल्या फडक्याने मला आतून लख्ख पुसलं. राळ नाही तर टोळ नाही, इतकं साधं तिचं गणित. खेळ अडू नये म्हणून बदलीच्या नर्तकालाही तिने पोशाख चढवून उभं केलं. तिथेच चुकलं.

तो आला. डावा पाय ठेवला, उजवा ठेवला. रिकाम्या तळाकडे पाहिलं, मग आपल्याच पोशाखातल्या त्या दुसऱ्याकडे. “कोरडाच जातो,” म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या उडीला तो घसरला. गुडघा मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते पडणंही बसवलेलं वाटलं.

राळ टाकली म्हणून झाडूवाल्याला कामावरून काढलं. ताई गप्प राहिली.

थिएटरने आठवण म्हणून मला त्याच्या घरी पोचवलं. सहा वर्षं मी न्हाणीघराच्या दाराशी आहे. रोज सकाळी तो काठी टेकत येतो, माझ्यात आधी डावा पाय घासतो, मग उजवा ओढून घेतो.

“ताई, राळ संपलीय गं.”

“उद्या आणते.”

परवा मात्र तो पाय माझ्यात ठेवून तसाच उभा राहिला. “झाडूवाल्याने राळ टाकली असती, ताई. पेटी पुसली नसती.”

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. “कधीपासून माहीत आहे तुला?”

“पाय ठेवला तेव्हापासून.”

झाडूवाल्याचं पुढे काय झालं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. माझी चहाडीही फुकट गेली. आता एवढंच मागणं आहे: मला फोडून चुलीत घाला.

पण काल सकाळी तो पुन्हा आला. आधी डावा पाय.

“राळ संपलीय गं.”

“उद्या आणते,” ती म्हणाली आणि त्याचा कोपर धरला.