पन्नास धुण्यांनंतर

"नापास," आगलाव्या म्हणाला आणि जळकी पट्टी त्याने चिमट्याने उचलून बादलीत टाकली.

"काका, आधी नीट मोजा तरी."

"काय मोजू? विझायचं नावच घेत नव्हती. तुमचं कापड आग अडवत नाही बाई, आगीला चहापाण्याला बोलावतं."

रसायनवाल्या बाईंनी वहीत सतराव्या नमुन्यापुढे फुली मारली आणि त्या गेल्या. आगलाव्या गालातल्या गालात हसला. कामगारांच्या कपड्यांसाठी कापड विणणाऱ्या त्या गिरणीत तो बावीस वर्षं एकच काम करत होता. काचेच्या पेटीत कापडाची पट्टी टांगायची, खालून बारा सेकंद ज्योत लावायची, ज्योत काढली की दोन सेकंदांत पट्टी विझते का पाहायचं. नवी पट्टी तर पाहायचीच, पण पन्नास वेळा धुतलेलीही पाहायची. या उद्योगामुळेच त्याला ते नाव पडलं होतं. त्याच्या जिभेकडे पाहिलं तर तसंही ते शोभलंच असतं.

त्याच्या लेखी गिरणीत अक्कल असलेला माणूस एकच होता, तो स्वतः. मोठे साहेब म्हणजे सासऱ्याच्या खुर्चीत बसलेली इस्त्री. विणकर म्हणजे बहिरे. आणि या बाई तर अजबच. गिरणीचं जुनं कापड पन्नास धुण्यांनंतरही पास होत होतं, तरी ह्यांना नवं हवं होतं. का, तर जुन्यातल्या रसायनाने कामगारांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, तापलं की डोळे चुरचुरतात.

"खाज सुटते म्हणे!" तो घरी बायकोला सांगायचा. "भट्टीपुढे उभं राहायचंय की मांडवात?"

बायको पोळ्या लाटत राहायची. त्याच्याशी बोलून उपयोग नसतो, हे तिला कधीच कळून चुकलं होतं.

त्याच महिन्यात धाकटा भाऊ भाजला. तो ओतकामाच्या कारखान्यात होता. वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा उडाला तो गळ्यावर आणि छातीवर. दवाखान्यात पट्ट्यांत गुंडाळलेल्या भावाजवळ आगलाव्या बसला, आणि चौकशीऐवजी त्याच्या तोंडून सवयीचंच निघालं.

"कोट कुठं होता तुझा?"

"अंगात होता."

"मग?"

"गळ्याची बटणं उघडी होती."

"हात मोडले होते का लावायला? गाढवा, मी स्वतः पास केलेलं कापड आहे ते!"

भावाने मान वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. छताकडे बघतच तो म्हणाला, "दादा, आमच्यात कोणीच बटणं लावत नाही. मानेची सालं निघतात. तू घालून बघ ना एकदा. एक पाळी फक्त."

दुसऱ्या दिवशी आगलाव्याने कोट चढवला तो भावाला खोटं पाडायलाच. गळ्यापर्यंत बटणं लावून तो गिरणीच्या बॉयलरपाशी जाऊन उभा राहिला. बॉयलरवाला म्हणाला, "काय आगलावे, आज स्वतःलाच लावायचा विचार आहे का?" पहिला तास बरा गेला. मग घाम फुटला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान अशी पेटली, की त्याने मुकाट्याने वरची दोन बटणं काढली. काढली, आणि हात तिथेच राहिला.

बावीस वर्षं त्याने कापडच तेवढं जाळून पाहिलं होतं. ते घालणाऱ्याचं काय होतं, हे विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्यांची अक्कल काढता काढता आपली कुठे ठेवली होती कोण जाणे. पाळी संपायच्या आतच तो बाईंच्या टेबलापाशी गेला. मानेवर लाल पट्टा उमटला होता. बाईंनी तो पाहिला आणि वही उघडली.

"अठरावा नमुना कुठंय?" त्याने विचारलं.

पुढचे आठ महिने दोघं झुंजली. बाई नवं मिश्रण करायच्या, तो धुवायचा, जाळायचा आणि वाकडं बोलायचा. मात्र आता नापास का झालं, हेही सांगायचा. पट्टी कुठून पेटली, धूर कसला आला, शिवण आधी गेली की धागा, सगळं. प्रत्येक नमुन्याची एक पट्टी तो दिवसभर मानेला गुंडाळूनही ठेवायचा. तेविसावा नमुना पन्नास धुण्यांनंतरही दीड सेकंदात विझला, आणि मानेवर साधा डागही उठला नाही. फक्त रसायन लावल्यावर तो भट्टीत पुरती तीन मिनिटं भाजावा लागायचा, तरच ते धाग्यात मुरायचं.

माल भराभर निघावा म्हणून साहेबांनी तीनचं एक मिनिट केलं.

"नवं कापड पास होतंय ना?" ते बाईंना म्हणाले. "पन्नासदा धुऊन कोण बघतंय?"

"घालणारे धुणारच ना, साहेब."

"तेव्हाचं तेव्हा."

गिऱ्हाईक कंपनीची माणसं पाहायला आली, तेव्हा साहेबांनी सभागृहात स्वतः लायटर पेटवला. नवी कोरी पट्टी काळवंडली आणि झटकन विझली. टाळ्या पडल्या. साहेब असे हसले, जणू ती आग त्यांनीच फुंकर मारून विझवली होती.

मागच्या दारातून आगलाव्या आत आला. हातात त्याच घाईच्या कापडाची शिवलेली बाही होती, पन्नासदा धुतलेली.

"साहेब, जरा हात घाला यात. मी लायटर धरतो."

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात खिशात घातले.

"हा आमचा थोडा विनोदी माणूस आहे," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईने बाही मागून घेतली, टेबलावर ठेवली आणि लायटर लावला. बाही खांद्यापर्यंत धडधडत गेली. साहेबच पाण्याची बाटली घेऊन धावले.

पाहुण्यांनी धुतलेल्या कापडाचा अहवाल मागितला, तेव्हा भट्टीची तीन मिनिटं परत आली. कापड खपलं. नव्या कापडाचा कोट घातलेला साहेबांचा फोटो गिरणीच्या अंकात छापून आला, "सुरक्षेचा ध्यास" असं काहीतरी खाली लिहून. आगलाव्याला मात्र आठवड्याच्या आत गोदामात धाडलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्याच्या पेटीपाशी आता एक होयबा बसायचा.

गोदामात गठ्ठे मोजता मोजता एके दुपारी त्याला बाई दारात दिसल्या. हातात हातमोज्यांसाठी केलेल्या नव्या कापडाची पट्टी होती.

"काका, तुमच्या पेटीवरचा माणूस पास म्हणतोय."

"तो तुमच्या ओढणीलाही पास म्हणेल."

"म्हणूनच आले."

आत काडी ओढायला बंदी होती. दोघं मागच्या भिंतीशी गेली. वारा होता. आगलाव्या गुडघे धरत उकिडवा बसला, वाऱ्याकडे पाठ केली, पट्टी चिमटीत धरली आणि खालून काडी लावली. बाईंनी घड्याळ काढलं, पण तो ओठातल्या ओठात स्वतःच मोजत होता. काडीमागून काडी ओढत त्याने बारा सेकंद पुरे केले. बोटं भाजली तरी हात हलला नाही. शेवटची काडी काढताच पट्टी विझली.

बाईंनी पेन उघडलं. "काय लिहू?"

आगलाव्याने काळी कड नखाने खरवडली, उजेडात धरून पाहिली आणि पट्टी त्यांच्या हातात दिली.

"इतक्यात काही लिहू नका," तो म्हणाला. "पन्नासदा धुऊन आणा."