तुमचा उस्मान

हुदानं वहीच्या पानावर हात ठेवून अर्थाचा रकाना झाकला.

"सीटीआर," ती म्हणाली.

उस्माननं चष्मा कपाळावर सरकवला. जाहिरात जितक्या जणांना दिसली, त्यांतल्या किती जणांनी तिच्यावर बोट टेकवलं त्याचं प्रमाण, असं त्यानं सांगितलं. हुदानं मान हलवली. मग लीड. जो अजून गिऱ्हाईक झाला नाही, पण होऊ शकतो, तो. नुसता नंबर असला तर कोल्ड, चौकशी केली तर वॉर्म. फनेलला त्यानं स्वतःच नरसाळं असं नाव दिलं होतं; वरून पुष्कळ पडतात, खालून थोडेच बाहेर येतात. चर्न मात्र त्याला रोज चकवत असे. चर्न म्हणजे ताक घुसळणं, हेच डोक्यात बसलेलं.

"नो, अब्बा. द वन्स हू लेफ्ट," हुदा म्हणाली. "जे सोडून गेले ते."

त्यानं समासात तसं लिहून घेतलं. त्याची बायको खदिजा दारात उभी राहून ऐकत होती. डोक्यावरून विमान गेलं तसे तिघंही थांबले आणि आवाज विरल्यावर पुढच्या शब्दाकडे वळले. बहारीनच्या विमानतळाला लागून असलेल्या मुहर्रकमध्ये राहणाऱ्यांना ही सवय लागतेच.

उस्मान उंड्रे मूळचा म्हसळ्याचा. तेवीस वर्षं तो मुहर्रकच्या एकाच दुकानात पडदे विकत होता. विकत होता म्हणजे घरी जाऊन माप घेणं, कापड पसंत करून देणं आणि शिवून आलेले पडदे स्वतः शिडीवर चढून टांगणं, हे सगळं. त्याच्या फोनमध्ये अकराशे नंबर होते. कोणाकडे बारसं, कोणाची मुलगी दिल्या घरी गेली, कोणाचं ऑपरेशन झालं, हे त्याला ठाऊक असे, आणि त्या त्या दिवशी तो मोडक्यातोडक्या अरबीत दोन ओळी लिहून पाठवी. याला काही नाव असतं, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग म्हाताऱ्या मालकाच्या मुलांनी दुकान पाच शाखांच्या एका कंपनीला विकलं आणि मार्केटिंग बघायला पुण्याचा मयुरेश आला. तिशीतला, अदबीनं वागणारा मुलगा. दर रविवारी सकाळी मीटिंग होई. पहिल्याच महिन्यात त्यानं भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, आपला बाउन्स रेट एवढा का वाढलाय? उस्माननं सांगितलं की दुबईहून कापड उशिरा येतंय, म्हणून. मयुरेश वेबसाइट उघडून लगेच निघून जाणाऱ्यांबद्दल विचारत होता. कुणी हसलं नाही. समोरच्या मुलीनं फक्त नजर खाली वळवली. त्या संध्याकाळी उस्मान वही घेऊन घरी आला आणि अकरावीतल्या मुलीसमोर बसला.

दोन महिन्यांत त्याला दीडशे शब्द आले. मीटिंगमध्ये तो आता मधेमधे बोलूही लागला. एकदा तर मयुरेशनं सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. नंतर त्याला बाजूला घेऊन मराठीत म्हणाला, "उस्मानभाई, तुमच्या फोनमधली माणसं म्हणजे सोनं आहे. ती सिस्टिममध्ये आली पाहिजेत."

उस्माननं तीन आठवडे बसून अकराशे माणसं सिस्टिममध्ये घातली. नाव, घर, खिडक्या, आवडीचे रंग, वाढदिवस. प्रत्येकापुढे एक खूण करायची होती. नवा, नेहमीचा, किंवा वर्षभर न आलेला तो डॉर्मंट. अबू जासिमच्या नावाशी तो अडला. अबू जासिम मागच्या उन्हाळ्यात वारला होता. उस्मान स्वतः मय्यतीला गेला होता. त्याचा फोन आता त्याची बायको वापरत होती. यादीत मेलेल्या माणसासाठी रकाना नव्हता. नंबर खोडून टाकायला त्याचं बोट धजेना, तेव्हा त्यानं मयुरेशला विचारलं. मयुरेश स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "वर्षभर खरेदी नाही ना? मग डॉर्मंट."

उस्माननं डॉर्मंटवर खूण केली.

त्यानंतर महिन्याभरानं त्याला बोलावणं आलं. मयुरेशनं चहा मागवला होता. आता निरोप सिस्टिमच पाठवणार, त्यामुळे उस्मानच्या जागेची गरज उरली नाही, आणि संपणारा व्हिसा कंपनी वाढवून देणार नाही, असं त्यानं सांगितलं. हे त्यानं इंग्रजीत सांगितलं, आणि उस्मानला त्यातला एकूण एक शब्द कळला. ऑटोमेशन, रिडंडंट, लीगसी. कुठेही थांबून अर्थ विचारावा लागला नाही. निरोपांखाली मात्र त्याचंच नाव राहणार होतं. लोकांचा त्या नावावर भरवसा आहे, मयुरेश म्हणाला, तुमची हरकत नाही ना? उस्माननं मान हलवली आणि चहा संपवला.

घरी त्यानं खदिजाला सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. ती थांबली नाही. फक्त हुदाची बारावी इथे व्हायची नाही, एवढंच बोलली.  हुदानं शब्दांची वही उचलून कपाटात आपल्या पुस्तकांखाली ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून खोक्यांत सामान भरायला सुरुवात झाली. गुरुवारची तिकिटं मिळाली.

सोमवारी सकाळी अबू जासिमच्या नंबरावरून फोन आला. त्याची बायको, उम्म जासिम, बोलत होती. "तुझा निरोप आला," ती अरबीत म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचंय. जमेल तेव्हा ये." आवाज अगदी सपाट होता.

निरोप आपल्या नावानं गेला म्हणजे काय गेलं असेल, हे उस्मानच्या लगेच लक्षात आलं. तरी त्यानं मयुरेशला फोन लावला. मयुरेशनं शोधून वाचून दाखवलं. "अबू जासिम, आम्हाला तुमची आठवण येते. वर्ष झालं, तुम्ही आला नाहीत. परत या, आम्ही वाट पाहतोय. तुमचा उस्मान." याला विन-बॅक म्हणतात, त्यानं सांगितलं, गेलेल्याला परत आणण्यासाठी तीन निरोप जातात, दर वीस दिवसांनी एक. उस्मान म्हणाला की तो माणूस मेलेला आहे. मयुरेशनं हळू आवाजात माफी मागितली. त्याला खरोखर वाईट वाटलं असावं. संध्याकाळपर्यंत नंबर काढून टाकतो, तो म्हणाला, आणि तोवर त्यांना अन्सबस्क्राइब करायला सांगा.

उस्मान चालतच निघाला. जुन्या मुहर्रकच्या गल्ल्यांत ऊन उतरलं होतं. वाटेत तो मनाशी अरबी वाक्यं जुळवत होता. मी लिहिलं नाही. यंत्रानं लिहिलं. माझं नाव फक्त खाली होतं. ऑटोमेशनला अरबीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. दीडशे शब्द शिकला होता, त्यांतला एकही या घरी चालण्याजोगा नव्हता.

उम्म जासिमनं नातीकरवी दार उघडलं आणि त्याला मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बसवलं. खिडक्यांना त्यानंच टांगलेले मातकट रंगाचे पडदे होते. ती समोर बसली आणि फोन मांडीवर ठेवला. उस्माननं घसा साफ केला.

"अबू हुदा," तीच आधी म्हणाली; हुदाचा बाप म्हणून ती त्याला याच नावानं हाक मारी. "हे तू लिहिलंस?"

जुळवलेलं वाक्य त्याच्या ओठांवर आलं. पण ती त्याच्याकडे रागानं पाहत नव्हती. त्यामुळे तो थांबला.

ती हळूहळू बोलत राहिली. चाळीस दिवस लोक येत होते. मग येणं थांबलं. मुलं त्याचं नाव घेत नाहीत, आईला त्रास होईल म्हणून. शेजारणी विषय बदलतात. गेल्या आठवड्यात नातीनं हा निरोप वाचून दाखवला तेव्हा आधी तिला धक्का बसला. मग तिनं तो पुन्हा वाचायला लावला. आता रोज सकाळी वाचून घेते.

"सगळे म्हणतात, सबर कर," ती म्हणाली. "परत ये असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. तू म्हणालास. म्हणून विचारते, तू लिहिलंस ना?"

नातीनं कॉफीचा छोटा पेला त्याच्या हातात दिला. उस्मान पेल्यात पाहत राहिला.

"हो," तो म्हणाला. "मीच लिहिलं."

तिनं डोळे मिटले आणि अबू जासिमसाठी दुवा पुटपुटली, मग उस्मानसाठी. निघताना तिनं त्याला दारापर्यंत सोबत केली. त्यानं गुरुवारी जाणार असल्याचं सांगायचं ठरवलं होतं, पण तिनं उंबऱ्याशी त्याची बाही धरली.

"पुन्हा लिहिशील?"

"इंशाल्ला," उस्मान म्हणाला.

गल्लीच्या टोकाला येऊन तो भिंतीच्या सावलीत उभा राहिला आणि त्यानं मयुरेशला फोन लावला. अबू जासिमचा नंबर काढलात का, त्यानं विचारलं. मयुरेश म्हणाला, अजून नाही, आता काढतच होतो.

"नका काढू. राहू दे."

पलीकडचा कळफलकाचा आवाज थांबला. मग मयुरेशचा आवाज जरा उजळला. "म्हणजे त्यांच्याकडून रिस्पॉन्स आला?"

"आला."

"मग डॉर्मंटमधून काढून वॉर्म करतो, उस्मानभाई. चालेल?"

एक विमान चाकं खाली सोडून घरांवरून विमानतळाकडे उतरत होतं. उस्मान ते जाईपर्यंत थांबला.

"चालेल," तो म्हणाला.