तरोड्याचा पत्ता

अयोध्याला स्कूटी घ्यायची होती. नांदेडच्या तरोडा भागातल्या खोलीतून डॉक्टर लेनमधल्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामावर पोचायला सकाळी ऑटो मिळायचा नाही, आणि लोकांची रक्ततपासणी उपाशीपोटीच करायची असल्यामुळे उशीर चालायचा नाही. लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणारी विशाखा म्हणाली, "हप्त्यावर गाडी द्यायची तर शोरूमवाले आधी तुझा क्रेडिट स्कोअर बघतात. आपणच बघून घेऊ ना, फुकट असतं."

दुपारची वेळ होती. पेशंट संपले होते. विशाखानं स्वतःच्याच मोबाइलवर साइट उघडली, अयोध्याचा पॅन नंबर टाकला, जन्मतारीख विचारली आणि बटण दाबलं.

"आला का ओटीपी?"

अयोध्यानं स्वतःचा फोन पाहिला. काहीच आलं नव्हतं.

"शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर पाठवलाय म्हणतंय," विशाखा म्हणाली. "तुझाच ना?"

अयोध्यानं तिच्या हातातून मोबाइल घेतला. स्क्रीनवर फुल्या होत्या आणि फुल्यांच्या शेवटी सत्तेचाळीस. तो नंबर तिला पाठ होता. अंगदचा होता, तिच्या नवऱ्याचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अंगदनं तिच्या नावावर कर्ज काढून मोटारसायकल घेतली होती. लातूरला गाड्यांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. कागद त्यानंच भरले, सह्या तिनं केल्या, मोबाइल नंबर त्याचा लागला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"बंद कर," अयोध्या म्हणाली. "विशाखा, आधी बंद कर ते."

विशाखानं साइट बंद केली. पण मेसेज तर गेला होता. या घडीला लातुरात अंगदच्या खिशातला फोन वाजला असेल, आणि त्यानं तो काढून वाचलाही असेल.

विशाखाला एवढंच ठाऊक होतं की अयोध्याचा नवरा पुण्याला कंपनीत आहे. घरमालकीण शांतम्मा हिलाही तेच सांगितलेलं होतं. त्या दुपारी, रक्ताच्या नळ्यांच्या रॅकशेजारी बसून, अयोध्यानं पहिल्यांदा खरं सांगितलं. अंगद कधी आवाज चढवत नसे. ओरडणं, शिव्या देणं असलं काही नाही. एकदा पोळी करपली म्हणून त्यानं तिचा डावा हात मनगटाशी धरून तापल्या तव्यावर ठेवला होता, आणि नंतर स्वतःच मलम आणून, फुंकर घालत लावलं होतं. "कामून असं करायला लावतीस मला?" असं हळू आवाजात विचारत होता. ती माहेरी रेणापूरला पळाली, तर भावांनी समजूत घालून तिला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी ती कुणालाच न सांगता निघाली ती थेट नांदेडला. आईशी फोनवर बोलायची, पण कुठं राहते ते आईलाही सांगितलं नव्हतं. अंगद दोनदा रेणापूरला जाऊन आईसमोर बसून, चहा पिऊन, विचारून गेला होता. आईला जे ठाऊकच नव्हतं ते ती काय सांगणार?

"नुसता ओटीपी तर गेलाय," विशाखा म्हणाली. "त्यानं काय होतंय?"

"त्याच्याकडं माझं पॅन कार्ड हाय. जन्मतारीख तर त्याला ठाऊकच हाय."

विशाखानं मोबाइल परत हातात घेतला. मग तिनं जरा घाबरतच त्याच साइटवरचा स्वतःचा कर्जाचा रिपोर्ट उघडून दाखवला. विशाखानं आजवर जिथं जिथं कागद भरले होते ते सगळे पत्ते तिथं ओळीनं होते. माहेरचा, सासरचा, मधे वर्षभर राहिलेल्या भाड्याच्या घराचा. गल्लीचं नाव, घर नंबर, खाली पिनकोड. त्याखाली फोन नंबर. कुठल्या महिन्यात काय हप्त्यावर घेतलं, कुठला हप्ता उशिरा गेला.

अयोध्यानं मागच्या दिवाळीला शांतम्माच्या सांगण्यावरून हप्त्यावर फ्रिज घेतला होता. दुकानदारानं पत्ता विचारला तेव्हा तिनं तरोड्याचा पत्ता दिला होता. फ्रिज घरी पोचवायचा होता, दुसरा कुठला देणार?

विशाखानं लगेच त्या साइटच्या कस्टमर केअरला फोन लावून दिला. नंबर बदलायचा अर्ज करा, ओळखपत्र जोडा, महिनाभर लागेल, असं तिकडून सांगितलं. अर्ज त्याच संध्याकाळी गेला. पण महिनाभर तो जुना नंबर तसाच राहणार होता, आणि तो ज्याचा होता तो माणूस कर्जाच्या धंद्यातला होता. रिपोर्ट कसा काढतात आणि कसा वाचतात हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

त्यानंतर अयोध्या रोज वेगळ्या रस्त्यानं लॅबला जाऊ लागली. रक्त काढताना तिची शीर कधी चुकत नसे, आता चुकायला लागली. एका म्हाताऱ्या बाईला दोनदा टोचावं लागलं, तेव्हा ती बाई म्हणाली, "पोरी, तुलाच बरं न्हाई वाटतं." घरी आल्यावर ती दाराची कडी लावायची, खिडकी लावायची, आणि पंख्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येईना म्हणून पंखाही बंद करायची. खोली बदलावी तर एवढ्यात कुठं मिळणार? शांतम्माला सांगावं असं रोज मनात यायचं. पण दुसऱ्याची भांडणं दारात नकोत म्हणून म्हातारीनं खोलीच काढून घेतली तर, या भीतीनं ती सांगायची नाही.

रविवारी सकाळी ती शांतम्माच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. शांतम्मा देगलूरकडची. रेल्वेत असलेला नवरा वारल्यावर तिनं मागची खोली भाड्यानं दिली होती, आणि अयोध्याला ती भाडेकरूपेक्षा पोरीसारखीच वागवायची. फाटकाची कडी वाजली तेव्हा म्हातारी बाहेरच्या ओट्यावर पापड वाळत घालत होती.

"नमस्कार मावशी. अयोध्याबाई इथंच राहतात ना?"

अयोध्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोन तुमी?"

"कंपनीकडून आलोय. फ्रिजचे हप्ते हायेत ना त्यांचे. ऑगस्टचा जरा उशिरा भरला त्यांनी. त्याचं बोलायचं होतं. घाबरायचं काही कारण न्हाई."

आवाज हळू होता, गोड होता. ऑगस्टचा हप्ता खरंच उशिरा गेला होता, आणि ते अयोध्या, फ्रिजला कर्ज देणारी कंपनी आणि तो रिपोर्ट वाचणारा यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"हाय की घरात. थांबा, बोलावते," शांतम्मा म्हणाली.

ती आत आली तर अयोध्या फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरून बसलेली. गुडघे छातीशी, पदर तोंडात. तिनं नुसता डावा हात पुढं केला. तळव्यावरच्या त्या गुळगुळीत, चकाकत्या चट्ट्याबद्दल शांतम्मानं एकदा विचारलं होतं, तेव्हा तेल उडालं असं तिनं सांगितलं होतं.

"तो नवरा हाय माझा, अम्मा," ती पुटपुटली. "तेल न्हवतं ते."

शांतम्मानं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा हाताकडं. पदर खोचून ती परत बाहेर गेली.

"न्हाई वो घरात. बाजाराला गेली वाटतं. मला वाटलं हाय."

"असं का?" बुटांचा आवाज पायरीपर्यंत आला. "पण चप्पल तर इथंच हाय तिची."

"ती माझी हाय."

"तुमच्या पायाला लई लहान हाय, मावशी." तो हसल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. "असू द्या. बसतो मी. मला घाई न्हाई."

तो पायरीवर बसला. त्याच्या बुटाची टाच फरशीवर हळूहळू वाजत राहिली. घरात असताना, आता हिला काय करावं असा विचार चाललेला असला की तो अशीच टाच वाजवायचा. अयोध्याच्या पाठीला फ्रिजची थरथर लागत होती आणि आपलाच थरकाप कुठला आणि यंत्राचा कुठला हे तिला कळत नव्हतं. मागच्या दारानं पळावं तर मागची गल्ली फिरून फाटकापुढंच निघायची.

शांतम्मा आत आली. तिनं दार लावलं, कडी घातली, वरचा अडसरही घातला. मग फोन अयोध्याच्या हातात दिला.

"पोलिसाला लाव. एकशे बारा. तू बोल, मला पत्ता नीट सांगता येत न्हाई."

अयोध्या पत्ता सांगायला लागली, आणि तरोड्यापाशी येऊन थांबली. पलीकडून बाई पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवटी तिनं सगळा सांगितला, घर नंबरासकट. तोवर शांतम्मानं खिडकी उघडून शेजारच्या गुरुबसप्पांना हाक मारली होती. गुरुबसप्पा शाळेतून निवृत्त झालेले, आडदांड अंगाचे, आवाजही तसाच.

"काय हो, कोण तुम्ही?" त्यांचा आवाज फाटकाशी आला. त्यांच्या मागं गल्लीतली आणखी दोन-तीन माणसं आली असावीत.

"वसुलीला आलोय, सर."

"रविवारी वसुली? कार्ड दाखवा बरं कंपनीचं."

अंगदनं कार्ड दाखवलं की नाही ते आत कळलं नाही. थोडी बोलाचाली झाली. त्याचा आवाज शेवटपर्यंत वर गेला नाही.

"जातो की सर. रागावता कशाला?" तो म्हणाला. मग बंद दाराकडं तोंड करून, जराही न ओरडता, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "अयोध्या, हात कसा हाय आता?"

फाटक वाजलं. अयोध्यानं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. त्याला उत्तर मिळू नये म्हणून.

पोलीस आले तोवर तो निघून गेला होता. हवालदार बाईंनी जबाब लिहून घेतला, हाताचा फोटो काढला. विशाखाच्या ओळखीच्या वकीलबाईंनी कोर्टात अर्ज केला, आणि पुढच्या महिन्यात अंगदनं तिच्या आसपास फिरकू नये असा आदेश निघाला. कोर्टाच्या तारखेला तो लातूरहून आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, बायकोची काळजी वाटली म्हणून भेटायला गेलो होतो, साहेब. रिपोर्ट कुणी उघडला याची वेगळी तक्रार वकीलबाईंनी केली. ती अजून चौकशीत आहे. शांतम्मानं खोली काढून घेतली नाही. उलट अयोध्या जाते म्हणाली तेव्हा ती रडली.

रिपोर्टमधला जुना नंबर निघाला. तसा ईमेल अयोध्याला आला. तिनं धीर करून पुन्हा कस्टमर केअरला फोन लावला आणि विचारलं, त्यातला माझा पत्ताही काढता येईल का?

"पत्ता चुकीचा आहे का मॅडम?" पलीकडच्या मुलीनं अदबीनं विचारलं.

"न्हाई. बरोबर हाय."

"मग नाही काढता येणार, मॅडम."

अयोध्यानं स्कूटी घेतली नाही. शोरूमच्या फॉर्मवर राहण्याचा पत्ता लिहायची वेळ आली, तेव्हा तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि ती उठून आली. आता ती नांदेडातच दुसऱ्या भागात राहते. कुठं, ते इथं सांगायला नको. घरभाड्याचा करार शांतम्माच्या भाचीच्या नावावर आहे. लॅब तीच आहे, कारण नोकरी सोडून भागणार नव्हतं. सकाळी रस्त्यानं जाताना मागून कुणी पुरुष हळू आवाजात फोनवर बोलत येत असला, की ती जे दिसेल त्या दुकानात शिरते, आणि तो पुढं जाईपर्यंत काहीतरी भाव विचारत उभी राहते.