केरू आला की मी वाजायचो

मी तपासणीचा दरवाजा बोलतोय. मला ना दार, ना कडी, नुसती चौकट. माझ्यातून कोणी लोखंड घेऊन गेला की कर्कश वाजायचं, एवढीच माझी विद्या.

मुंबईत एका चालत्या बसमध्ये बॉम्ब फुटला, सात माणसं गेली. महिन्याभरात मला देवरूखच्या वाटेवरच्या एका लहानशा एसटी स्टँडवर आणून उभं केलं. त्या स्टँडला भिंतच नाही. माणसं माझ्या दोन्ही अंगांनी खुशाल ये-जा करायची. मधून जायचे ते फक्त प्रामाणिक लोक.

उद्घाटनाला आमदार आले. स्फोटातून वाचलेला केरू जवळच्याच वाडीतला, म्हणून पहिला मान त्याचा. गळ्यात हार, पाय लंगडता. तो आत शिरला आणि मी बोंबललो. पोलिसांनी त्याला हारासकट धरला. खिसे उलटे केले, तर तंबाखूची पुडी.

"सायेब, बॉम्बचे तुकडे हायत माज्या पायात," केरू म्हणाला. "डाक्टरला सगले गावले नाय. तुमाला गावले तर काडा."

आमदार सांगत सुटले, "बघा, यंत्र चालतं!" विरोधक ओरडू लागले, "जखमींचा अपमान करणारा दरवाजा हटवा!" आणि दोघंही केरूला कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा माझ्यातून चालायला लावायचे. मला लाज वाटे. पण गप्प राहणं माझ्या हातात नव्हतं.

रत्नागिरीच्या इस्पितळात केरूच्या पायाचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी तिकडची गाडी लागली होती. दोन्हीकडची मंडळी त्याला घेरून उभी. "एकदाच, केरूशेठ!" तिकडे कंडक्टरने घंटी मारली. केरूची बायको काशी रडकुंडीला आली. "अवो, तारीक परत नाय गावायची! पाय जाईल त्येंचा!"

माझ्या राखणीला बसलेला दादू तेव्हा उठला आणि त्याने माझा प्लग उपटला.

"जा रे केरूदा, पल."

केरू गेला. मी वाजलो नाही. का वाजलो नाही यावर दोन्ही पक्षांची जुंपली, तोवर गाडी हातखंब्याकडे निघालीसुद्धा.

केरूचा पाय वाचला. दादूला मात्र घरी बसवलंय. नोटिशीत लिहिलंय, 'स्फोटाचे अवशेष विनातपासणी बसमध्ये जाऊ दिले.' चौकशी समितीला साक्षीदार हवाय. आमदार म्हणतात, आम्ही काही पाहिलं नाही; विरोधकही तेच म्हणतात. मी पाहिलंय. दादूने बरोबर केलं, हे मी कुणापुढेही ओरडून सांगेन.

बाबांनो, तेवढा प्लग लावा.