दोन नावांचा एक माणूस

जुन्या कॅटलॉगात पुस्तकाची नोंद केली की काम संपायचं. नव्याला आधी माणूस लागतो: लेखक एक, त्याची सगळी नावं एकत्र, सगळी पुस्तकं त्याच्याखाली. आमच्या वाचनालयाच्या नोंदी नव्यात हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि या सॉफ्टवेअरच्या शहाणपणाने मला पुरतं वैतागून सोडलं.

त्याने धोंडबा आणि संघपाल जोडून टाकले. ते खरंही होतं. कन्हानच्या धोंडबाने तरुणपणी देवीची गाणी छापली होती. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतल्यावर तो संघपाल झाला आणि बुद्धगीतं लिहू लागला. पण पहिलं पुस्तक जुन्या नावाचं, म्हणून सॉफ्टवेअरने तेच नाव वर चढवलं, जात सांगणाऱ्या आडनावासकट.

संघपालांची मुलगी प्रेमिलाबाई, नातीने मोबाइलवर ते दाखवताच, थेट माझ्या टेबलाशी आल्या.

"पोरी, थे नाव माया बापानं टाकलं होतं. तू काहून उचलून राहिली वं?"

मला लाज वाटली. "आजी, संघपाल वर घेते. जुनं खाली बारीक अक्षरात राहील."

"खाली बी नको. त्या नावानं कोणी हाक मारली का बाप मान खाली घालून उभा राहे."

मी विश्वनाथ सरांना विचारलं. ते आमचे ग्रंथपाल. "माणूस एकच ना? मग दोन नोंदी म्हणजे चूक," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त चीड आली.

परत येऊन मी दोन्ही नोंदी तोडून वेगळ्या केल्या. सरांना कळलं तर माझी खैर नव्हती, आणि खोटी नोंद करताना मलाही बरं वाटत नव्हतं. त्यात स्क्रीनवर सूचना आली: जन्मसाल, गाव सारखं, मृत्यूसाल वेगळं नसेल तर नोंदी पुन्हा जोडल्या जातील. संघपालांचं मृत्यूसाल भरलेलं होतं. धोंडबाची जागा रिकामी होती.

"आजी," मी विचारलं, "धोंडबा कधी वारले?"

प्रेमिलाबाई जराही थांबल्या नाहीत.

"छप्पन साली. लिही. मी बापाच्या खांद्यावर बसून पाह्यलं."

मी १९५६ लिहिलं.