लवकर फिटलेली मशीन

मी कपडे धुणारी मशीन. एरवी माझा आवाज शेजारच्या तीन घरांत जातो, पण आज हळूच बोलणार आहे. अपराधी माणसाने आवाज चढवू नये.

मला घरात आणलं ते कपडे धुवायला नाहीच. माझी मालकीण पार्लरमध्ये केस कापते. घरात ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. पार्लरच्या काकू म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी हिला सांगितलं, "दुकान तूच घे. सहा-सात महिने थांबते तुझ्यासाठी." अर्धे पैसे हिने साठवले होते. उरलेल्यांसाठी बँकेत कर्ज मागायला गेली, तर साहेबांनी हात वर केले.

ती हकिकत मी घरात आले त्या दिवशी माझ्या कोपऱ्यातून ऐकली. बाथरूमच्या दाराशी उभी राहून ती ताईला सांगत होती, "साहेब म्हणाले, तुमच्या नावावर काहीच नाही. मी म्हटलं, कधी कुणाचा छदाम घेतला नाही. तर म्हणतात, तीच तर अडचण आहे बाई! घेतलंच नाही, तर तुम्ही फेडता की बुडवता हे आम्हाला कळणार कसं?"

"म्हणजे सज्जनपणाला दंड!" ताई म्हणाली.

साहेबांनीच वाट सांगितली होती. एखादी वस्तू हप्त्यावर घ्या, दर महिन्याला वेळेवर भरा, किमान सहा महिन्यांची नोंद होऊ द्या, मग या. म्हणून मी आले, बारा हप्त्यांवर. हिच्यासाठी शब्द टाकायचा, एवढंच माझं काम होतं.

पण हिच्या वडिलांची शिकवण आडवी आली. पैसे फिटल्याशिवाय वस्तू आपली नाही. तिने माझ्यावर जुनी चादर टाकली आणि माझ्यासमोरच बसून पार्लरचे वीस-पंचवीस टॉवेल रोज हाताने धुवायला लागली.

"अगं, ही काय शोभेला आणलीस?" ताई वैतागायची.

"फिटेपर्यंत ती दुकानदाराची."

"मग दुकानदाराला सांग, घेऊन जा तुझी. आमची वाट अडते!"

मला हसू यायचं. पुढे पुढे येईना. साबणाने तिच्या बोटांना भेगा पडल्या. केस कापणाऱ्या बाईचे हात म्हणजे तिचं पोट. एक दिवस कात्री सटकली आणि गिऱ्हाइकाच्या कानाला लागली. त्या दिवशी घरी येऊन ती टॉवेल तसेच बादलीत ठेवून बसून राहिली. मी हातभर अंतरावर, धडधाकट, चादर पांघरून. माझा जीव तुटत होता. मी मनोमन म्हणत राहिले, फेड गं लवकर, आणि मला हात लाव.

हेच माझं पाप.

चौथा हप्ता भरला त्याच आठवड्यात तिला एका मोठ्या समारंभाचं काम मिळालं. हातात रोख रक्कम आली. ती थेट दुकानात गेली आणि उरलेले आठही हप्ते एकरकमी भरून टाकले. घरी येऊन माझ्यावरची चादर ओढली. "ताई, सुटलो! आता कुणाचं देणं नाही!" मी पहिल्यांदा पाणी घेतलं, गरगर फिरले. इतकी खूश झाले होते, की एका जागी उभं राहवेना.

काकूंची मुदत संपत आली तशी ती मोठ्या रुबाबात बँकेत गेली. परत आली ती चप्पल न काढताच बोलली, "चारच हप्ते दिसतात म्हणे. चार महिन्यांत खातं बंद. सहा महिन्यांची नोंदच झाली नाही."

"पण तू तर आधीच फेडलंस!"

"हो. म्हणूनच."

काकू आणखी थांबू शकल्या नाहीत. त्यांना मुलीकडे जायचं होतं. दुकान दुसऱ्या बाईने घेतलं. माझी मालकीण आता तिथेच पगारावर केस कापते, त्याच खुर्चीमागे उभी राहून.

तिने पुन्हा सुरुवात केली आहे. या खेपेला हप्त्यावर शिलाई मशीन घेतली, आणि ती पहिल्या दिवसापासून चालते. ताईने बजावलंय, "एक हप्ता जरी आधी भरलास, तर तंगडं मोडीन." वाचणाऱ्यांनो, तुम्हीही कुणी असे भाबडे असाल, तर ताईचं ऐका. वस्तू वापरा, आणि तारीख येईल तेव्हाच भरा.

काल टॉवेल टाकून झाल्यावर ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. हात उलटसुलट करून पाहिले. भेगा भरून आल्या आहेत.

"हिचे उपकार आहेत बाई," ती ताईला म्हणाली, आणि माझ्यावर सांडलेला साबण पदराने पुसला. मी नुसती फिरत राहिले. तिने मला एक लाथ घातली असती, तर बरं वाटलं असतं.